झोपेतील श्वासरोध, सीपॅप यंत्र आणि प्राणवायूची जोड

दिनांक १९ एप्रिल २०२१ रोजी आपल्या रायगड जिल्ह्यातील कळंबोली येथून सात रिकामे टँकर लादलेली एक रेल्वेगाडी विशाखापट्टणमकडे निघाली. देशातील ती पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस होय. काही दिवसांत टँकर भरून परतले, त्यातील काही नागपूरला आणि काही नाशिकला उतरले. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात राहिलेला 'प्राणवायू' हा शब्द त्या दिवसांत घराघरांत पोहोचला. ज्यांना शक्य होते त्यांनी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर विकत घेतला. अनेक संस्थांना, ग्रामपंचायतींना तो देणगी म्हणून मिळाला. साथ ओसरली, यंत्रे मात्र राहिली. आज ती कुठे माळ्यावर, कुठे कार्यालयातील कपाटाशेजारी चादर पांघरून उभी आहेत.

यातूनच एक प्रश्न आम्हांला चौक, कर्जत, खालापूर भागातील सभासदांकडून पुन्हा पुन्हा विचारला जातो. घरातील वडीलधारी व्यक्ती झोपेत मोठ्याने घोरते, मध्येच तिचा श्वास थांबतो, मग दचकून घुसमटल्यासारखा परत सुरू होतो. बोटाला ऑक्सिमीटर लावून पाहिले तर आकडा ८५ पर्यंत खाली गेलेला दिसतो. तर मग ते पडून असलेले यंत्र रात्री नाकाला लावले तर चालेल का? दुसरा प्रश्न त्याहून जाणत्यांचा असतो. डॉक्टरांनी सीपॅप यंत्र दिलेले आहे, त्याला प्राणवायूची नळीही जोडली तर अधिक गुण येईल का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. दुसऱ्याचे उत्तर 'काहींना होय, परंतु मोजमाप झाल्यावरच' असे आहे. दोन्ही उत्तरांमागील कारण समजावे, आणि विद्यार्थी वाचकांना त्यातील विज्ञानही कळावे, म्हणून हा लेख लिहीत आहोत.

श्वास कोठे अडतो?

जागेपणी आपल्या घशाचे व जिभेचे स्नायू ताठ असतात आणि श्वासाची वाट उघडी ठेवतात. झोप लागली की ते सैल पडतात. ज्यांची मान जाड आहे, जबडा लहान किंवा मागे आहे, टॉन्सिल मोठे आहेत किंवा वजन वाढलेले आहे, त्यांची ही वाट झोपेत चिंचोळी होते. तिचा आवाज म्हणजे घोरणे. वाट पूर्ण मिटली की श्वास थांबतो. असा थांबा १० सेकंदांचा किंवा अधिक असला तर त्यास श्वासरोध म्हणतात. येथे एक बाब नीट लक्षात घ्यावी. छाती श्वास घेण्याचा प्रयत्न करीतच असते, पोट वरखाली होतच असते, पण हवा आत जात नाही. रक्तातील प्राणवायू उतरू लागतो, कर्बवायू चढू लागतो, अखेर मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागे करतो, स्नायू ताठ होतात आणि श्वास सुटतो. रोग्याला सकाळी यातील काहीही आठवत नाही. शेजारी झोपणाऱ्याला मात्र सर्व ठाऊक असते, म्हणून डॉक्टरांकडे जाताना घरच्या माणसाने बरोबर जावे.

असे थांबे किंवा अर्धवट अडथळे तासाला ५ पेक्षा कमी असतील तर ते सामान्य धरतात. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, आणि ३० च्या वर तीव्र. म्हणजे तीव्र रोग्याचा श्वास सरासरी दर दोन मिनिटांनी एकदा तरी अडतो. आठ तास झोपूनही त्याची झोप होत नाही, रक्तदाब औषधांना दाद देत नाही, आणि दिवसा बसल्या जागी डोळा लागतो. चौक गाव जुन्या मुंबई–पुणे महामार्गावर वसलेले आहे. आपल्या भागातील कितीतरी कुटुंबे ट्रक, टेम्पो, रिक्षा आणि कंपनीच्या बसगाड्या चालवून जगतात. पहाटे घाट उतरताना चालकाचा दोन क्षण डोळा लागणे म्हणजे काय, हे येथील लोकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

हा श्रीमंतांचा किंवा परदेशी लोकांचा रोग आहे, अशी एक समजूत होती. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्यमवयीन शहरी पुरुषांची पाहणी करून २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. झोपेतील श्वासाचा बिघाड १९.५ टक्के पुरुषांत आढळला, आणि त्याबरोबर दिवसाची झोपाळू अवस्थाही असलेले ७.५ टक्के निघाले. ही पाहणी शहरातील, तीही तपासणीसाठी रुग्णालयात आलेल्या पुरुषांची होती; ती जशीच्या तशी आपल्या वाडी-वस्तीला लावता येणार नाही. तरी समजूत चुकीची ठरविण्यास ती पुरेशी आहे.

पेल्यातील प्रयोग

सीपॅप या यंत्राचा शोध ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी लावला आणि १९८१ साली पाच रोग्यांवरील अनुभव प्रसिद्ध केला. पुष्कळांना वाटते की हे यंत्र प्राणवायू देते. तसे नाही. त्यात एक पंखा आहे. तो खोलीतीलच साधी हवा घेतो, गाळतो आणि नळीतून मास्कमध्ये एका ठरावीक दाबाने सोडीत राहतो, इतकेच.

हा दाब किती, हे विद्यार्थ्यांनी घरी करून पाहावे. एका उंच पेल्यात पाणी घ्या, त्यात शीतपेयाची नळी बरोबर १० सेंटिमीटर खोल बुडवा आणि फुंका. बुडबुडा बाहेर यायला जेवढा जोर लागतो, तेवढाच दाब १० सेंटिमीटर लावलेल्या सीपॅप यंत्राचा असतो. घरगुती यंत्रे साधारण ४ ते २० सेंटिमीटरपर्यंत दाब देतात. खोपोलीच्या वीजघरावर घाटमाथ्याहून जे नळ उतरतात, त्यांतील पाण्याचा दाब शेकडो मीटरांचा आहे. त्यापुढे हा दाब म्हणजे फुंकरच.

आता गणित पाहू. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाण्याच्या सुमारे १,०३३ सेंटिमीटर उंचीइतका असतो. त्यात सीपॅपने १० सेंटिमीटर मिळविले म्हणजे वाढ झाली सुमारे १ टक्का. उलट, माथेरान सुमारे ८०० मीटर उंच आहे. नेरळहून तेथे चढून गेल्यावर हवेचा दाब जवळजवळ ९ टक्के कमी होतो, तरी निरोगी माणसाला काही जाणवत नाही. तेव्हा १ टक्का वाढीने रक्तातील प्राणवायू सुधारतो असे म्हणता येणार नाही. सीपॅपचा गुण वेगळ्या कारणाने येतो. पावसाळ्यात कापडी छत्री आतून काड्यांनी ताणलेली राहते, तसा घसा आतून हवेने ताणलेला राहतो, मिटत नाही. वाट उघडी राहिली की खोलीतील २१ टक्के प्राणवायूची हवाच बहुतेकांना पुरते, आणि कर्बवायूही त्याच वाटेने बाहेर पडतो.

नुसता प्राणवायू का नको?

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. घसा मिटलेला असताना नाकाशी प्राणवायू सोडला, तर तो बंद दाराबाहेर ठेवलेल्या धान्यासारखा होय. दार उघडेल तेव्हा थोडे जास्त आत जाईल, त्यामुळे ऑक्सिमीटरचा आकडा पूर्वीइतका खाली जाणार नाही हे खरे. आणि घोटाळा नेमका येथेच आहे. आकडा सुधारतो, घरची मंडळी निश्चिंत होतात, पण घसा तितकेच वेळा मिटत असतो. शिवाय प्राणवायू उतरणे ही मेंदूला जागे करणारी एक हाक होती. शेताच्या राखणदाराला झोपेचे औषध द्यावे तशी ती हाक मंद होते, आणि काही रोग्यांत प्रत्येक थांबा अधिक लांबतो. त्या अवधीत कर्बवायू साठत जातो. बोटाचे ऑक्सिमीटर कर्बवायू मोजत नाही. आकडा ९५ दिसत असताना रोगी सकाळी डोके दुखत उठतो, गुंगीत बोलतो, आणि घरचे म्हणतात की रात्रभर ऑक्सिजन तर चांगला होता.

जगभरच्या अभ्यासांपैकी एक सांगण्यासारखा आहे. अमेरिकेत हृदयविकार किंवा त्याचा धोका असलेल्या ३१८ श्वासरोगी व्यक्तींचे तीन गट केले गेले. एका गटास सीपॅप, दुसऱ्यास रात्री नुसता प्राणवायू आणि तिसऱ्यास केवळ आरोग्य-सल्ला, असे १२ आठवडे चालले. २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सीपॅपच्या गटात चोवीस तासांचा सरासरी रक्तदाब उतरला. प्राणवायूच्या गटात, रात्रीचा प्राणवायू सुधारूनही, रक्तदाबात फायदा दिसला नाही. उतार मोठा नव्हता, दोन-अडीच मिलिमीटरच्या आसपास होता, पण दोन उपचारांतील फरक स्पष्ट दाखविणारा होता.

तेव्हा संस्थेच्या कपाटातील कॉन्सन्ट्रेटर घोरण्यावरचा उपाय म्हणून कोणी मागितला, तर तो देणे ही मदत होत नाही. त्याऐवजी झोपेची तपासणी करून घेण्यास बरोबर जावे. चौकचे ग्रामीण रुग्णालय किंवा कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय येथून चिठ्ठी घेऊन पनवेल, कामोठे, नवी मुंबई वा मुंबईस जावे लागते. रात्रभर तारा लावून करावयाची तपासणी रुग्णालयात होते. लहान यंत्र घरी नेऊन करावयाची साधी तपासणीही आता मिळते. मात्र ज्याला फुप्फुसाचा किंवा हृदयाचा जुना आजार आहे, त्याने रुग्णालयातीलच करावी.

दोन्हींची गरज कोणाला?

सीपॅपने घसा उघडा ठेवला, थांबे संपले, आणि तरीही झोपेत प्राणवायू खालीच राहिला, तर दोष घशाच्या पुढे, म्हणजे फुप्फुसात, हृदयात किंवा श्वासाच्या जोरात आहे, असा त्याचा अर्थ. अशा रोग्यास प्राणवायूची जोड लागू शकते.

आपल्या भागात याचे पहिले कारण जुना दमा-खोकला, ज्याला डॉक्टर सी.ओ.पी.डी. म्हणतात. तो विडी-सिगारेटने होतो हे सर्वांना माहीत आहे. पण आयुष्यभर बंद स्वयंपाकघरात लाकूड, गोवऱ्या आणि काटक्यांच्या चुलीपुढे बसलेल्या ज्या आया-आज्यांनी विडीला कधी हातही लावला नाही, त्यांनाही तो होतो. कर्जत-खालापूरच्या आदिवासी वाड्यांतील कुटुंबे, विशेषतः कातकरी बांधव, हंगामात वीटभट्टीवर राहतात आणि तेथील धुराजवळच झोपतात. दगडाच्या खाणीत व क्रशरवर काम केलेल्यांची फुप्फुसे दगडाच्या धुळीने घट्ट होतात, तो आजार निराळा, पण प्राणवायू कमी होण्याचा परिणाम तोच. अशा माणसाला श्वासरोधही असला तर दोन रोग एकमेकांवर चढतात. ब्रिटनमधील डॉ. डेव्हिड फ्लेनली यांनी १९८५ मध्ये सी.ओ.पी.डी. आणि श्वासरोध यांच्या या जोडीला स्वतंत्र नाव दिले. अशा रोग्याचा प्राणवायू रात्री एकट्या श्वासरोगी माणसापेक्षा अधिक खोल उतरतो, आणि हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो. पाय सुजू लागणे ही त्याची एक खूण आहे.

दुसरे कारण अतिस्थूलता. वजन फार वाढले की छाती-पोटाचे ओझे उचलून पुरेसा श्वास घेणेच होत नाही आणि दिवसासुद्धा कर्बवायू साठलेला असतो. येथे सीपॅपला प्राणवायू जोडून भागेलच असे नाही. श्वास आत घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देणारे बायपॅप यंत्र लागू शकते. कोणाला काय हे ठरविण्यासाठी मनगटाच्या धमनीतील रक्त घेऊन दोन्ही वायू मोजतात. ही सुई थोडी दुखते. तेवढ्यासाठी ती टाळू नये, कारण कर्बवायू साठलेला असूनही प्राणवायू भरमसाट दिला तर माणूस बेशुद्ध पडू शकतो. अशा रोग्यांत ऑक्सिमीटरचा आकडा ८८ ते ९२ या दरम्यान ठेवणे हेच उद्दिष्ट असते. शंभराच्या जवळ नेण्याची हौस तेथे घातक ठरते.

तपासणी कक्षात क्रम असा असतो. प्रथम दाब हळूहळू वाढवून सर्व थांबे घालवायचे. मास्क गळतो का ते पाहायचे, कारण गळका मास्क झाकण्यासाठी प्राणवायू चढविणे ही नेहमीची चूक आहे. थांबे गेल्यावरही आकडा ८८ किंवा त्याखाली पाच मिनिटे टिकला, तर मिनिटाला १ लिटर प्राणवायू सुरू करून दर पंधरा मिनिटांनी एकेक लिटर वाढवीत, ८८ ते ९४ च्या दरम्यान आकडा स्थिरावतो तेथे थांबायचे. जो आकडा निघेल तो त्या रोग्याचा. शेजारच्या काकांना २ लिटर चालतात म्हणून आपल्यालाही २, असा हिशेब येथे लागू होत नाही.

दिवसाही प्राणवायू ज्यांचा फार कमी असतो, त्यांच्याविषयी जुना व भक्कम पुरावा आहे. अमेरिकेत १९८० आणि ब्रिटनमध्ये १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, दिवसातून १५ तास वा अधिक प्राणवायू घेणाऱ्या सी.ओ.पी.डी. रोग्यांचे आयुष्य वाढल्याचे दिसले. मात्र ज्यांचा प्राणवायू थोडाच कमी आहे, त्यांना असा लाभ २०१६ च्या मोठ्या अमेरिकन अभ्यासात आढळला नाही.

दोन लिटरचे गणित

येथे विद्यार्थ्यांनी वही घ्यावी. नाकात साधी नळी घालून मिनिटाला २ लिटर प्राणवायू दिला, तर आत जाणाऱ्या हवेत तो साधारण २८ टक्के होतो असे धरतात. तेच २ लिटर सीपॅपच्या नळीत सोडले तर किती होईल?

मास्कला बारीक छिद्रे असतात. त्यांतून उच्छ्वासाची हवा बाहेर जावी अशी रचनाच आहे. (फुसफुस आवाज येतो म्हणून काही जण त्यांवर चिकटपट्टी लावतात. तसे कधीही करू नये. कर्बवायू जाण्याची ती एकमेव वाट आहे.) १० सेंटिमीटर दाबाला या छिद्रांतून मिनिटाला सुमारे ३५ लिटर हवा जाते असे धरू. म्हणजे नळीतून तेवढी येतच असली पाहिजे. त्यातील ३३ लिटर खोलीची हवा, तिच्यात प्राणवायू ६.९३ लिटर. कॉन्सन्ट्रेटरचा प्राणवायू साधारण ९३ टक्के शुद्ध, म्हणून २ लिटरमध्ये १.८६ लिटर. बेरीज ८.७९ लिटर, भागिले ३५, म्हणजे सुमारे २५ टक्के. २८ चे २५ झाले, कारण सीपॅपच्या वाऱ्यात तो पातळ झाला.

आता मास्क नीट बसला नाही आणि आणखी ३० लिटर हवा गालाकडून निसटली, तर भागाकार ६५ ने करावा लागेल. उत्तर येते सुमारे २३ टक्के, म्हणजे खोलीच्या हवेहून जेमतेम २ टक्के अधिक. प्राणवायूचा खर्च तोच, पदरात काही नाही. उलट दाब ५ सेंटिमीटर असेल आणि छिद्रांतून २२ लिटरच जात असतील, तर तेच २ लिटर सुमारे २७ ते २८ टक्के करतात. दाब बदलला की प्राणवायूचे प्रमाण बदलते. जी यंत्रे रात्रभर दाब आपोआप कमी-जास्त करतात, त्यांत हे प्रमाणही रात्रभर हलते. हे गणित श्वासागणिक होणारे चढउतार सोडून केलेले आहे. प्रत्यक्षात आकडा बदलेल, दिशा मात्र हीच राहील. यावरून डॉक्टर सीपॅपवर असतानाचीच रात्रभराची ऑक्सिमीटर-नोंद का मागतात ते ध्यानात येईल.

ऑक्सिमीटरविषयीही एक गोष्ट सांगावयास हवी. गडद त्वचेच्या व्यक्तींत हे उपकरण आकडा खऱ्यापेक्षा जास्त दाखविण्याची शक्यता अधिक असते, असे २०२० साली अमेरिकेतील रुग्णांच्या नोंदींवरून दाखविले गेले. मेंदी, नखाचा रंग, गार बोटे यांनीही फरक पडतो. सीमेवरच्या आकड्यावर विसंबून निर्णय घेऊ नये.

घरातील व्यवस्था

प्राणवायूची नळी सीपॅपला जोडण्यासाठी एक छोटा जोड मिळतो. तो यंत्राच्या हवा बाहेर पडणाऱ्या तोंडाशी किंवा मास्कजवळ बसवितात. कोठे, ते यंत्राच्या माहितीपत्रकानुसार तंत्रज्ञाकडून बसवून घ्यावे. प्रवासात वापरावयाचे, श्वासागणिक झटका देणारे छोटे कॉन्सन्ट्रेटर सीपॅपबरोबर चालत नाहीत. सलग प्रवाह देणारेच लागते.

क्रम पाठ करावा. सुरू करताना आधी सीपॅप, मग प्राणवायू. बंद करताना आधी प्राणवायू, मग सीपॅप. पंखा बंद असताना प्राणवायू सुरू राहिला तर तो यंत्राच्या पोटात साठतो, आणि आत विजेची मोटर आहे. प्राणवायू स्वतः जळत नाही, पण त्याच्या सान्निध्यात कापूस, चादर, केस सारे भडकन पेटते. म्हणून विडी, शेगडी, चूल, वंदनेची मेणबत्ती आणि अगरबत्ती किमान १० फूट दूर असावी. खोली लहान असेल तर प्राणवायू सुरू करण्यापूर्वी वंदना आटोपून मेणबत्ती विझवावी. नाक कोरडे पडते म्हणून व्हॅसलीन किंवा खोबरेल लावू नये. पाण्यावर आधारित मलम औषधाच्या दुकानात मिळते. सिलिंडरच्या चावीला तेलाचा हात तर मुळीच नको.

आता विजेचा प्रश्न, जो आपल्याकडे पावसाळ्यात सर्वांत मोठा. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर सुमारे ३५० वॅट घेतो. आठ तासांचे २.८ युनिट, महिन्याचे ८४. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटपर्यंत एक टप्पा आणि त्यापुढे वरचा दर आहे. म्हणजे ज्या घराचा वापर ७०-८० युनिट होता, ते या एका यंत्राने वरच्या टप्प्यात जाते. यंत्र फुकट मिळाले म्हणजे उपचार फुकट झाला असे होत नाही, हा हिशेब मदत करणाऱ्या संस्थांनीही ध्यानात घ्यावा. सीपॅप मात्र पाणी तापविण्याची सोय बंद ठेवल्यास ४० वॅटच्या आसपास भागवितो. महिन्याचे दहा युनिटही होत नाहीत. त्यामुळे घरातील १५० अँपिअर-तासाच्या इन्व्हर्टर बॅटरीवर एकटा सीपॅप रात्र सहज काढतो, कॉन्सन्ट्रेटर जेमतेम ३ ते ४ तास.

म्हणून कॉन्सन्ट्रेटर असलेल्या घरी एक लहान सिलिंडर भरलेला असावा. दहा लिटर पाणी मावेल अशा बी प्रकारच्या सिलिंडरमध्ये दाबाखाली सुमारे १,५०० लिटर प्राणवायू भरतात. मिनिटाला २ लिटरप्रमाणे तो ७५० मिनिटे, म्हणजे साडेबारा तास पुरतो. मोठ्या जंबो सिलिंडरमध्ये सुमारे ७,००० लिटर असतो आणि तो दोन दिवसांहून अधिक चालतो, पण तो हलवायला दोन माणसे लागतात आणि आडवा पडला तर धोका मोठा. कोणताही सिलिंडर भिंतीला साखळीने बांधून उभा ठेवावा.

वीज गेली आणि सीपॅप थांबला, तर मास्क तसाच तोंडावर ठेवू नये. वारा थांबल्यावर ती बारीक छिद्रे उच्छ्वास बाहेर टाकण्यास पुरी पडत नाहीत. मास्क काढावा, रोग्याला कुशीवर किंवा उशांच्या आधाराने अर्धवट बसते झोपवावे, आणि डॉक्टरांनी सांगितला असेल तेवढाच प्राणवायू नाकातील साध्या नळीने सिलिंडरवरून द्यावा. वरच्या गणितावरून लक्षात येईल की साध्या नळीतील २ लिटर हे सीपॅपमधील २ लिटरहून जोरदार असतात. तेव्हा वीज गेल्यावर किती द्यायचा, हे आधीच विचारून लिहून घ्यावे.

जुन्या यंत्रांविषयी

२०२१ पासून पडून असलेला कॉन्सन्ट्रेटर सुरू केला की आवाज येतो, दिवा लागतो, बुडबुडे येतात. यावरून तो चालू आहे एवढेच कळते. त्याच्या पोटात झिओलाइट नावाचे दाणे असतात. ते हवेतील नत्रवायू धरून ठेवतात आणि प्राणवायू पुढे जाऊ देतात. ओलाव्याने हे दाणे निकामी होतात, आणि कोकणच्या लगत चार-पाच पावसाळे बंद पडून राहिलेल्या यंत्रात ओलावा गेला नसेल हे संभवत नाही. मग नळीतून येते ती साधी हवा. प्राणवायूचे प्रमाण मोजणारे उपकरण दुरुस्ती करणाऱ्याकडे असते. त्याने मोजून ९० टक्क्यांच्या वर आल्याशिवाय यंत्र कोणाच्या घरी देऊ नये.

जुना सीपॅप स्वस्तात घेणाऱ्यांनीही सावध राहावे. जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीने आपली लक्षावधी सीपॅप व बायपॅप यंत्रे परत बोलाविली होती, कारण आवाज दाबण्यासाठी आत बसविलेला फोम झिजून त्याचे कण व वायू श्वासात जाण्याची शक्यता होती. तेव्हा यंत्राचा क्रमांक तपासून घ्यावा, मास्क व नळी नवीच घ्यावी, आणि आधीच्या मालकासाठी लावलेला दाब आपल्या डॉक्टरांकडून बदलून घ्यावा. केंद्र सरकारचे कर्मचारी व निवृत्तांसाठी असलेल्या सी.जी.एच.एस. योजनेत या यंत्रांची तरतूद आहे. कारखान्यातील कामगारांनी आपल्या ई.एस.आय. दवाखान्यात विचारणा करावी.

वजन कमी करणे, कुशीवर झोपणे, दारू व झोपेच्या गोळ्या टाळणे, विडी सोडणे, चुलीऐवजी गॅस व मोकळी खिडकी, या गोष्टी यंत्राबरोबर चालू ठेवायच्याच आहेत. त्यांवर वेगळे लिहिण्यासारखे फार आहे, येथे जागा नाही.

यंत्र वापरणाऱ्या प्रत्येक घरात पलंगाच्या डोक्याशी भिंतीवर एक कागद चिकटवावा. त्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहावे : सीपॅपचा दाब किती, सीपॅपबरोबर प्राणवायू किती लिटर, वीज गेल्यावर साध्या नळीने किती लिटर, ऑक्सिमीटरचा आकडा कोणत्या दोन आकड्यांच्या मध्ये राहावा, कर्बवायू साठण्याचा त्रास आहे की नाही. शेवटची ओळ लाल शाईने लिहावी. रात्री १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आली आणि रोगी बोलण्याच्या स्थितीत नसला, तर आत येणारा डॉक्टर सर्वांत आधी तीच ओळ शोधील.